गायकवाडबाईंची बिननावाची पुस्तकं

प्रमिला गायकवाड गेल्याची बातमी मला ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळचे अकरा वाजले होते, चहा समोर होता. ती बातमी वाचताना मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही, हे कबूल करतो. मनात आलं ते असं, की हा मजकूर बाईंनी पास केला नसता. 'वाचनसंस्कृतीच्या निस्सीम उपासक, ज्ञानाचा अखंड तेवणारा नंदादीप, आम्हां सर्वांचा आधारवड...' आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. दाब, तापमान, वजन मोजणारी उपकरणं आम्ही तपासतो आणि ती कितपत खरं बोलतात याचं प्रमाणपत्र देतो. ही प्रमाणपत्रं तयार करण्याचं काम बावीस वर्षं बाईंकडे होतं. एखाद्या नव्या इंजिनिअरने शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम' असं लिहिलं, तर त्या त्याला टेबलापाशी बोलावून शांतपणे विचारत, "उत्तम म्हणजे किती?" तो गोंधळून आकडा शोधायला जाई. आधारवड म्हणजे किती, हेही त्यांनी विचारलं असतं. हे सगळं मनात येऊन गेलं, मी फोन पालथा ठेवला, आणि मग मात्र चहा तसाच राहिला...

बाई मूळच्या उदगीरकडच्या. लग्नाआधी तिथे टायपिंग शिकल्या, लग्न होऊन घाटकोपरला आल्या, आणि आमच्याकडे टायपिस्ट म्हणून लागून प्रमाणपत्र विभागाच्या प्रमुख झाल्या. अंगकाठी बारीक, आवाज त्याहून बारीक, पण त्या आवाजात 'परत करा' असं म्हटलं की मोठमोठी माणसं प्रमाणपत्र परत करत. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही पाच-सहाजण बसायचो. त्या आठवड्यात कुणी काही वाचलं असेल तर ते पुस्तक आणायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं, इतकाच तो प्रकार. त्याला नाव नव्हतं. नियम दोनच, आणि दोन्ही बाईंचे. पहिला, 'चांगलं आहे' असं म्हणायचं नाही. पुस्तक कुणासाठी आहे आणि का, ते सांगायचं. सांगता येत नसेल तर पुस्तक पिशवीत परत. दुसरा नियम कव्हराचा. दाब नोंदवणाऱ्या यंत्रांतून आलेखाच्या कागदाची गुंडाळीच्या गुंडाळी निघते, हिरव्या चौकटींची, मधून एक लाल रेघ थरथरत गेलेली. मुदत उलटली की ही रद्दी. बाई ती घरी नेत आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचं कव्हर घालत. असं, की नाव, लेखक, मागचा मजकूर, काही म्हणजे काही दिसू नये. शीर्षकाचं आतलं पानसुद्धा त्या कव्हराच्या पट्टीत दुमडून टाकत. वर एक चिठ्ठी. 'पाटकरांसाठी. यांना रविवारी घरात बसवत नाही म्हणून.' एवढंच. वाचून झाल्यावर कव्हर काढून बघायची मुभा होती.

सगळी पुस्तकं एकसारखी दिसत असल्यामुळे व्हायचं ते एकदा झालंच. पाटकर आमच्या स्टोअरचा माणूस, मालवणचा, त्याला फक्त खुनाच्या गोष्टी चालत. एका शुक्रवारी चिठ्ठ्या वाऱ्याने उडाल्या, कुणीतरी त्या अंदाजाने परत लावल्या, आणि पाटकरकडे गेलं ते मुळात आमच्या एचआरमधल्या रितिकासाठी काढलेलं पुस्तक. घर सोडून शिकायला निघालेल्या एका मुलीची आणि तिच्या अबोल बापाची गोष्ट. रितिकाला मिळाला खून. तिने तिसऱ्या पानावर प्रेत बघून पुस्तक सोमवारीच परत केलं. पाटकर आठवडाभर दिसला नाही. पुढच्या शुक्रवारी तो आला तो थेट बाईंच्या समोर उभा राहिला. वैतागला की तो मालवणीवर यायचा. "बाई, तो खून काय शेवटपर्यंत झालो नाय," तो म्हणाला. "मी आपलो वाट बघीत वाचीत रवलंय." बाईंनी घोटाळा ओळखला आणि दुसरं देते म्हणाल्या. पाटकर पुस्तक सोडेना. त्याची धाकटी त्या वर्षी नागपूरला शिकायला जायचं म्हणत होती आणि त्याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला की हे अजून चार दिवस राहू दे, घरात एकाला वाचायचंय. मुलगी नागपूरला गेली. त्याचं श्रेय कुणी पुस्तकाला दिलं की बाई अस्वस्थ होत. त्यांच्या मते ते श्रेय वाऱ्याचं होतं.

माझी गोष्ट वेगळी. त्या टेबलावर सगळ्यांत जास्त वाचलेला मी, असं माझं मत होतं, आणि ते मी लपवत नसे. पाटकरने दिलेलं पुस्तक बाई ठेवून घेत, रितिकाने दिलेलं ठेवून घेत, कँटीनच्या महाराजांनी दिलेला पाककृतींचा जुना अंक त्यांनी दोनदा वाचला. माझी पुस्तकं मात्र तिसऱ्या दिवशी परत येत. सोबत त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. एकदा लिहिलं होतं, 'हे तुमच्यासाठी चांगलं आहे.' एकदा, 'पान साठपर्यंत गेले. तुम्ही फार हुशार आहात.' आणि एकदा, जी मी आजही विसरलेलो नाही, 'हे पुस्तक तुम्हाला आवडतं हे मला समजलं.' मी जाड, अवघड, कौतुक झालेली, परदेशी भाषांतून आलेली पुस्तकं निवडून निवडून देत होतो. माझं एक तरी पुस्तक या बाईने ठेवून घ्यावं, ही माझी वयाला न शोभणारी महत्त्वाकांक्षा होऊन बसली. बायकोला वाटे, मला बढती हवी आहे.

मग आमच्या टेबलाला दिवस वाईट आले, म्हणजे वरच्यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. कंपनीने वाचन सप्ताह ठरवला. फ्लेक्स लागला, त्यावर संचालकांचा फोटो आणि उघडलेलं पुस्तक, पुस्तक अर्थातच कोरं. बिचारी रितिका एक फॉर्म घेऊन आली, त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, 'यातून मी काय शिकलो' आणि पाचपैकी तारे. बाईंनी फॉर्म नीट वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे तारे कशाशी ताडून द्यायचे?" रितिकाला कळेना. बाईंनी तिला समजावून सांगितलं, की आपल्याकडे वजन तपासायचं तर आधी एक मूळ वजन लागतं, त्याच्याशी ताडून बाकीची. तर या पाच ताऱ्यांचं मूळ कुठे ठेवलंय, ते दाखव, म्हणजे भरते. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. रितिका हसत सुटली, मग त्याही हसल्या, आणि ताऱ्यांच्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहून त्यांनी सही केली.

सप्ताहाच्या समारोपाला भाषण मी केलं. समारंभांची टिंगल करणाऱ्या माणसाला माईक दिला की तो काय करतो, हे त्या दिवशी मला माझ्यावरूनच कळलं. मी चांगला अठरा मिनिटं बोललो. आलेखाच्या कागदाच्या कव्हरावर तर मी विशेष फुललो. नाव झाकल्याने कुतूहल जागं होतं, वाचक आणि शब्द यांच्यात कुणी मध्यस्थ उरत नाही, किती मोठा विचार या साध्या कृतीमागे आहे वगैरे. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुण्यांनी तो विचार वहीत टिपून घेतला. बाई तिसऱ्या रांगेत बसून शाल आणि नारळ सांभाळत होत्या.

संध्याकाळी मेट्रोत आम्ही दोघं बरोबर होतो. त्या घाटकोपरला उतरत, मी तिथून पुढे मुलुंडला जाई. चकाल्याला जागा मिळाली. बाईंनी नारळ मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "भाषण छान केलंत, सामंत. पण ते कुतूहल-बितूहल काही नाही हो. कव्हरं मला तुमच्यामुळे घालायला लागली."

मग त्यांनी सांगितलं, खिडकीबाहेर बघत, प्रमाणपत्रातला मजकूर वाचून दाखवावा तसं. त्या नव्या नव्या लागल्या होत्या तेव्हा मी वाचतो असं ऐकून त्यांनी एक पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं. मी लेखकाचं आडनाव पाहिलं, पुस्तक उघडलंही नाही, आणि ते त्यांच्याकडे सरकवत म्हणालो होतो, असली दुःखाची मी वाचलीत दोन-तीन. एक वाचलं की सगळी कळतात. मला हे आठवत नव्हतं. आजही आठवत नाही, आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच आहे. त्यांना मात्र मी तेव्हा चिक्की खात होतो हेसुद्धा आठवत होतं.

"त्यात काय होतं माहितीय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बँडवाले. लग्नात वाजवतात ना, ते. हसून हसून पोट दुखतं."

आणि मला एकदम उमगलं. बाईंनी मला दिलेलं कव्हर घातलेलं पहिलं पुस्तक! 'सामंतांसाठी. यांना लग्नात जेवायला आवडतं.' चुकून भलत्याच लग्नाला पोचलेली बँडपार्टी, वरात संपेपर्यंत कुणाच्याच लक्षात न येणं, आणि शेवटी दोन्हीकडच्या मांडवांतून त्यांना आलेलं जेवणाचं आग्रहाचं बोलावणं... ते मी बायकोला वाचून दाखवलं होतं, माझ्या दातांच्या डॉक्टरला तोंड उघडं असतानाही सांगायचा प्रयत्न केला होता. शुक्रवारच्या टेबलावर मी म्हणालो होतो की असं हलकं लिहिणारा माणूस मराठीत आहे हे मला माहीत नव्हतं. लेखक कोण हेही मी विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, मी मान डोलावली. तेव्हाही मला काही आठवलं नव्हतं. त्याच्या दोनच महिने आधी जे पुस्तक मी आडनाव वाचून परत केलं होतं, तेच त्यांनी आलेखाच्या कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर पुन्हा ठेवलं होतं. इतकी वर्षं मी ज्या कव्हरांचं कौतुक करत होतो, त्यातलं पहिलं माझ्यासाठीच कापलं गेलं होतं.

मी म्हणालो, तेव्हाच सांगायचं होतंत. बाईंनी थोडा विचार केला. "सांगितलं असतं तर तुम्ही माफी मागितली असती," त्या म्हणाल्या. "पुस्तक वाचलं नसतं."

माफी मी मागितली, घाटकोपरच्या पुलावर, गर्दीत, नीटशी नाहीच. त्या म्हणाल्या, असू द्या, आणि पाटकरला सोमवारी पुस्तक आणायला सांगा. मग नारळ माझ्या हातात देऊन निघाल्या, कारण त्यांच्या घरी आधीच दोन होते. मी मुलुंडला पोचेपर्यंत तो नारळ धरून उभा होतो. अपमान झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. कुणीतरी आपला काटा किती चुकीचं दाखवतोय ते मोजून, चूक भरून काढून, वर त्याचा गवगवा न करता तो आपल्याला परत करावा, तसं काहीसं झालं होतं. फुकट. तेव्हापासून मी पुस्तकं देताना एक गोष्ट करायला लागलो. आधी स्वतःलाच विचारायचो, हे त्यांच्यासाठी आहे की मी हे वाचलंय हे दिसावं म्हणून? निवृत्त होईपर्यंतच्या त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी त्यांना एकही पुस्तक दिलं नाही. त्या प्रश्नातून एकही पार होईना.

निवृत्तीनंतर वर्षभरात साखरेने बाईंचे डोळे घेतले, मग मूत्रपिंडं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला ते मशीन अगदी बारकाईने वर्णन करून सांगितलं. पहिल्याच दिवशी त्यांनी यशवंतरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, मशीनवरचं तपासणीचं स्टिकर शोधून तारीख वाचायला लावली होती. तारीख उलटलेली नव्हती. बाईंचा जरा हिरमोड झालेला दिसला. यशवंतराव बसच्या डेपोत मेकॅनिक होते. वर्तमानपत्राच्या पलीकडे त्यांनी आयुष्यात काही वाचलेलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना ना अभिमान ना संकोच. बाईंचे डोळे गेल्यावर ते वाचून दाखवायला शिकले. बोट ठेवून, शब्द सुटा करत. बाई म्हणाल्या, "खड्डा आला की हे गाडी हळू करतात." यशवंतराव म्हणाले, "मग काय, ॲक्सल तोडू?"

त्या भेटीनंतर महिन्याभराने मुलुंडच्या एका रद्दीवाल्याकडे मला ते पुस्तक सापडलं. पुठ्ठा नाही, पहिली आठ पानं नाहीत, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही, साल नाही. उभ्या उभ्या दोन पानं चाळली. तालुक्याच्या गावात दोन मशीनवर टायपिंगचा क्लास चालवणारी एक बाई, आणि अर्ज लिहून घ्यायला तिच्याकडे येणारं अख्खं गाव. मोठं पुस्तक नव्हतं. कुणी त्याला बक्षीस दिलं असेल असं वाटलं नाही. मी ते घरी नेऊन रात्रीच्या जेवणाआधी संपवलं आणि स्वतःला तो नेहमीचा प्रश्न विचारायचा विसरलो, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. स्टोअरमधून पाटकरकडून आलेखाचा कागद मागून घेतला. कव्हर मी पहिल्यांदाच घालत होतो. कोपरे नीट जमले नाहीत. चिठ्ठीवर फक्त लिहिलं, 'गायकवाडबाईंसाठी.' कारण लिहायला जागा होती, पण कारण सांगायची गरज वाटली नाही. यशवंतरावांकडे पुस्तक देऊन आलो आणि तिसऱ्या दिवसाची वाट बघू लागलो.

तिसऱ्या दिवशी ते आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. विचारायचा धीर झाला नाही. आजारी माणसाकडे पुस्तक पडून राहिलं असेल, वाचायचं त्राण नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग तो आधारवडाचा मेसेज आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी आले होते, घरात खूप माणसं होती, यशवंतरावांशी दोन शब्दही झाले नाहीत. त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, मी एकटा गेलो. ते मला बघून उठले, पाणी आणलं. पुस्तकाचा विषय त्यांनीच काढला. परत करायचं राहिलंय, म्हणाले, माफ करा साहेब. मी म्हणालो, घाई नाही, वाचून झालं होतं का? ते जरा विचारात पडले, प्रश्नाचं उत्तर सरळ नसावं तसे.

"मी म्हणायचो, बसल्या बसल्या दहा पानं वाचतो," ते म्हणाले. "चार तास ते मशीन चालतं. तर ती नको म्हणायची. रोज दोनच. म्हणाली, संपेल..."

इतर पुस्तकं त्यांनी तिला भराभर वाचून दाखवली होती. या एकाच पुस्तकाला ही अट होती. चौऱ्याण्णव पानं झाली होती. मला बोलण्यासारखं जे होतं ते बाईंना सांगायचं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले तसे यशवंतराव अवघडल्यासारखे दाराकडे, मग माझ्याकडे बघू लागले. मी निघतो म्हणालो. ते म्हणाले, बसा, तुम्ही काय परके नाही, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन त्यांनी पुस्तक घेतलं. उरलेलं ते एकटेच पुढे वाचत होते. रोज चार वाजता, दोनच पानं, आणि मोठ्याने. मनातल्या मनात वाचायला जमत नाही, म्हणाले, तशी सवयच लागली नाही. शेजारच्यांनी सुरुवातीला विचारलं होतं, घरी कुणी आलंय का म्हणून.

ते वाचू लागले. बोट ओळीखाली, शब्द सुटे, खड्ड्यापाशी हळू. टायपिंगच्या बाईंकडे एक म्हातारा आपल्या म्हशीच्या नावाने अर्ज करायला आला होता, अर्जदाराच्या सहीच्या जागी खुराचा ठसा चालेल का असं विचारत होता. यशवंतराव तिथे थांबले. मला वाटलं, ओळ चुकली. त्यांनी मान वर केली नाही, बोट तिथेच ठेवून ते बसून राहिले. मी खुर्चीतून पुढे झुकून विचारलं, काय झालं, शब्द अडला का?

"नाही, नाही," ते म्हणाले. "तिला हसायला जरा वेळ द्यायला लागतो."

हे पान बाईंनी ऐकलेलं नव्हतं. आम्ही दोघं थांबलो. मग ते पुढे वाचू लागले.